शनिवारची मजुरी आणि बँकेचा टप्पा

आमच्या सहा घरांच्या प्रकल्पाचा पहिला स्लॅब टाकला तो गुरुवार होता. पहाटे पाचला मिक्सर सुरू झाला आणि संध्याकाळी साडेसातला शेवटचं घमेलं ओतलं गेलं. स्लॅब झाला म्हणजे कर्जाचा दुसरा टप्पा सुटणार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. वेळापत्रकात त्या तारखेसमोर मी हिरव्या शाईने रक्कमसुद्धा लिहून ठेवली होती.

शनिवारी मुकादम काका मजुरीची वही घेऊन आले. मजुरी दिली. सोमवारी पुढच्या स्लॅबचं स्टील आलं, तेही पैसे मोजल्याशिवाय गाडीतून उतरणार नव्हतं. त्या रात्री हिशेब मांडला, तर उरलेले पैसे जेमतेम दोन शनिवार पुरतील असं दिसलं. बँकेचे पैसे खात्यात आले ते स्लॅबनंतर चोविसाव्या दिवशी. मधे काय घडत होतं ते मला नंतर नीट कळलं. आमच्या इंजिनिअरचा दाखला, मग बँकेच्या व्हॅल्युअरची (झालेल्या कामाचं मूल्य ठरवणाऱ्याची) वेळ, त्याची साइटवरची भेट, त्याचा अहवाल, शाखेतून वरच्या कार्यालयात फाइल, तिथून एक शंका, तिचं उत्तर, आणि मग मंजुरी. कुणी अडवलं नव्हतं की कुणी चुकलं नव्हतं. या कामाला एवढे दिवस लागतातच, आणि माझ्या वेळापत्रकात त्यांच्यासाठी एकही दिवस नव्हता.

मी अकरा वर्षं दुसऱ्यांच्या साइटवर इंजिनिअर म्हणून काम केलं. काँक्रीट, सळई, सेंटरिंग, प्लास्टर यांत माझा हात बसलेला होता. स्वतः घरं बांधायला घेतली तेव्हा वाटलं होतं की अवघड भाग मला येतो, पैशांचं शिकून घेईन. सहा घरांचा प्रकल्प, एकमेकांना लागून, तळमजला अधिक एक. आज मागे वळून बघते तेव्हा दिसतं की बांधकाम आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. पैसे कधी लागणार आणि कधी मिळणार, या दोन तारखांच्या मधल्या जागेतच आम्ही दोन वर्षं राहिलो.

आकडे सांगते, पण प्रत्यक्ष रकमा न सांगता. एकूण खर्च १०० धरा. त्यात जमिनीचे ३०, बांधकामाचे ५०, आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट (पाया, कॉलम, स्लॅबचं डिझाइन करणारे), वकील आणि मंजुऱ्यांचे ६, व्याज आणि बँकेची फी मिळून ७, विक्रीचा खर्च २ आणि अडीअडचणीसाठी ५. विक्रीतून ११८ येतील असा अंदाज होता. बँकेने ६५ मंजूर केले, ३५ आमचे.

इथे पहिली गोष्ट समजली. आमचे ३५ आधी संपवायचे, मग बँकेचा पहिला पैसा. म्हणजे जमीन आमच्या पैशांनी, नकाशे आमच्या पैशांनी, मंजुऱ्याही जवळजवळ सगळ्या आमच्याच. आणि बँकेचे ६५ म्हणजे हातात ६५ नव्हेत. व्याजाची रक्कम त्यातच राखून ठेवलेली, फी सुरुवातीलाच कापलेली. उरलेलं मिळणार ते टप्प्याने, आणि टप्पा पूर्ण झाल्यावर. बँक झालेल्या कामाचे पैसे देते. करायच्या कामाचे पैसे कुठून तरी आपणच उभे करायचे असतात. मजुरी आठवड्याला, स्टील रोखीने, सिमेंट पंधरा दिवसांच्या उधारीवर, आणि बँक टप्प्यानंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी. या चार घड्याळांचा मेळ घालणं हेच आमचं खरं काम होतं.

आमच्या राहत्या घराची हमी द्यायची वेळ आली तेव्हा मी नवऱ्याला समोर बसवून सगळे कागद दाखवले. तो शिक्षक आहे, गणित शिकवतो. वैयक्तिक हमीच्या कागदावर दोघांच्या सह्या हव्या होत्या. मी त्याला म्हटलं, "हे बघ, ११८ मधून ६५ फिटायचेत. भाव ४४ टक्क्यांनी पडले तरी कर्ज फिटतं. आपले ३५ बुडतील, पण हे घर जाणार नाही."

त्याने आकडे परत एकदा केले. मग म्हणाला, "भाव पडायचं राहू दे. घरं पूर्णच झाली नाहीत तर? अर्धवट घर ११८ ला काय, निम्म्यालाही कोण घेईल?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझा सगळा हिशेब सहाही घरं उभी आहेत असं धरून केलेला होता. खरी भीती भाव पडण्याची नसते, छत आहे पण खिडक्या नाहीत अशा अवस्थेत पैसे संपण्याची असते. त्या अवस्थेतल्या घराला गिऱ्हाईक नसतं आणि दुसरी बँकही सहजासहजी हात लावत नाही. तो म्हणाला, "पूर्ण कर्ज उचललेलं असताना सहा महिन्यांचं व्याज किती होतं?" महिन्याला एक टक्का धरला तर ६५ वर सहा महिन्यांचे ३.९. "मग ४ बाजूला ठेव. सही त्यानंतर." आमची शिल्लक, त्याचा भविष्य निर्वाह निधीतला काही भाग असं करून ते चार आम्ही वेगळ्या खात्यात ठेवले आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. त्या चारांमुळेच आम्ही तरलो. ते कसे गेले ते पुढे येईलच.

जमिनीच्या बाबतीत माझी चूक झाली, आणि ती मला लपवायची नाही. घेण्याआधी मालकीची कागदपत्रं वकिलांकडून नीट तपासून घेतली, रस्ता आहे का, पाण्याचा निचरा कुठे जातो, हे सगळं पाहिलं. माती बघायला एक खड्डा घेतला, दर्शनी कोपऱ्यात. दीड मीटरवर कठीण मुरूम लागला आणि मी समाधानाने परत आले. जमीन ताब्यात आल्यावर आरसीसी कन्सल्टंट सरांनी पाया डिझाइन करण्याआधी तीन ठिकाणी बोअर घ्यायला लावले. त्यात ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून पुन्हा पुन्हा सोडतात आणि नमुन्याची नळी ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंतचे घाव मोजतात. पहिल्या १५ सेंटिमीटरचे घाव सोडून द्यायचे, उरलेल्या ३० चे धरायचे. दोन बोअरमध्ये आकडा चांगला आला. मागच्या बाजूच्या तिसऱ्या बोअरमध्ये आला ४, म्हणजे जमीन भुसभुशीत. नळीतून विटांचे तुकडे आणि काळपट माती वर आली. कधीतरी तिथे मोठा खड्डा होता आणि कुणीतरी तो राबिटाने भरून वर माती पसरली होती. चौथं आणि पाचवं घर नेमकं त्याच्यावर येत होतं.

ठेकेदाराचं म्हणणं होतं की वरचा थर काढू, मोठे दगड भरू, ठोकू आणि पाया घालू. असं करून उभी राहिलेली घरं मीही पाहिली आहेत. पण सगळं घर एकसारखं खचलं तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा कठीण जमिनीवर आणि दुसरा भरावावर असला की एक थांबतो आणि दुसरा खाली जातो, आणि त्या दोघांच्या मधली भिंत तिरकी फाटते. सरांनी एकच प्रश्न विचारला, "त्या घरात तुम्ही राहाल का?" आम्ही अडीच मीटरपर्यंतचा सगळा भराव उपसला, फुटिंग (कॉलमचा तळपाया) खाली मूळ कठीण थरावर नेलं, कॉलम तेवढे लांब केले, जोत्याच्या पातळीला ते बीमने बांधून घेतले आणि बाजूची भर २०-२० सेंटिमीटरच्या थरांनी पाणी मारून ठोकून घेतली. अडीअडचणीच्या ५ मधले ३ जमिनीखालीच गेले. सहा आठवडे गेले ते वेगळेच.

त्या सहा आठवड्यांत मी फार घाबरले होते. पण पुढे हिशेब केला तेव्हा एक गोष्ट दिसली, आणि ती मला आधी कुणीच सांगितलेली नव्हती. त्या वेळी कर्जातले फक्त ५ उचललेले होते. महिन्याचं व्याज ०.०५. सहा आठवड्यांचं व्याज एक दशांशसुद्धा नाही. तोच उशीर पूर्ण ६५ उचलल्यावर झाला असता तर महिन्याला ०.६५, म्हणजे तेरापट. महिना तोच, पण प्रकल्पाच्या सुरुवातीचा महिना आणि शेवटचा महिना यांची किंमत एक नसते. आमच्या ३५ चंही मोल होतं, ते अडकून पडले होते, हे खरं. तरीही बँकेचा पैसा उचलण्याआधी माती, नकाशे, निविदा, अर्ज यांना लागेल तेवढा वेळ द्यावा आणि उचल सुरू झाली की एक दिवसही रिकामा जाऊ देऊ नये, असं माझं आता पक्कं मत आहे. आम्ही केलं ते नेमकं उलटं. कुदळ मारायची घाई केली आणि शेवटी रेंगाळलो.

जमिनीखालच्या कामाने आणखी एक धडा दिला. व्हॅल्युअर साइटवर येतात तेव्हा दिसतं तेवढंच मोजतात. त्यांचा दोष नाही, त्यांनी न पाहिलेल्या कामाचा दाखला कसा द्यावा? बँकेच्या तक्त्यात जोत्यापर्यंतच्या कामाला बांधकामाच्या १० टक्के रक्कम होती. आमचे प्रत्यक्षात गेले होते १६ टक्के. भराव उपसताना, फुटिंग ओतताना, ड्रेनेजच्या नळ्या टाकताना मी टेप लावून फोटो काढले होते, तारखेसकट. सवय म्हणून काढले होते. ते फोटो, मोजमापाची वही आणि कन्सल्टंटचं पत्र घेऊन शाखेत गेले आणि टप्प्यांचा तक्ता बदलून मागितला. एकूण कर्ज वाढवून नकोय, फक्त आधीचा वाटा थोडा जास्त आणि फिनिशिंगचा थोडा कमी करा, एवढीच विनंती होती. दोन बैठका झाल्या आणि ती मान्य झाली. आता कुणी विचारलं तर मी सांगते, मंजुरीपत्रावर सही करण्याआधी व्याजदराइतकंच लक्ष टप्प्यांच्या तक्त्याकडे द्या. दरात पाव टक्का कमी मिळाला तर बरंच, पण चुकीच्या तक्त्याने काम मधेच थांबतं.

वरचा मजला तसा सुरळीत गेला, एक प्रसंग सोडला तर. तिसऱ्या घराच्या स्लॅबच्या वेळी दुपारी मी बँकेत होते. काँक्रीट घट्ट वाटलं म्हणून कुणीतरी मिक्सरमध्ये जादा पाणी सोडलं. संध्याकाळी आले तेव्हा कडेने सिमेंटचं पाणी गळताना दिसलं आणि काय झालं ते कळलं. मुकादम काका स्वतःहून पुढे आले. "ताई, पोरांना वाटलं माल सरकत नाहीये. मी तिथे असायला हवं होतं." जादा पाण्याने माल सरकतो खरा, पण ते पाणी उडून गेलं की त्याच्या जागी पोकळ्या राहतात आणि ताकद घटते. सरकायलाच हवा असेल तर प्लास्टिसायझर घालायचं, पाणी नाही. त्याच काँक्रीटच्या १५ सेंटिमीटरच्या ठोकळ्यांची सात दिवसांची चाचणी झाली. साधारण दोन तृतीयांश ताकद यायला हवी होती, ती निम्म्याच्या आसपास आली.

पुढचे तीन आठवडे मला झोप नव्हती. त्या घरावर पुढचं काम थांबवलं, टेकू काढले नाहीत, पाणी मारणं दहा दिवसांऐवजी तीन आठवडे चालू ठेवलं. स्लॅब तोडावा लागला तर काय, हा हिशेबही करून ठेवला होता आणि तसं झालं असतं तर तोडलाही असता. २८ दिवसांच्या ठोकळ्यांनी हवी ती ताकद दाखवली, थोडक्यात पण दाखवली. सरांनी स्लॅबवर वाळूची पोती रचून भार देऊन पाहिला, किती वाकतो आणि भार काढल्यावर किती परत येतो ते मोजलं, आणि मगच हिरवा कंदील दिला. त्या दिवसापासून ओतकामाच्या तारखेला मी दुसरं काहीच ठेवत नाही. बँक असो, कुणाचं लग्न असो.

दोन घरं नकाशावरच बुक झाली होती. त्यातलं एक कुटुंब दर रविवारी यायचं. आजी गाडीतच बसून राहायच्या आणि तिथूनच विचारायच्या, "माझी खिडकी कुठली?" त्यांच्या बुकिंगचे पैसे मी वेगळ्या खात्यात ठेवले होते. मजुरीचे ते दोन अवघड शनिवार आले तेव्हा त्या खात्याकडे माझं लक्ष गेलं, खोटं कशाला बोलू. पण त्या पैशांवर दुसऱ्याच्या घराचा स्लॅब टाकायचा आणि उद्या काही झालं तर त्या आजींना काय सांगायचं? स्टीलवाल्याकडे जाऊन खरी परिस्थिती सांगितली, आठवड्याला थोडे थोडे देईन म्हटलं, आणि त्याने ऐकलं. नंतरही त्याला एक दिवस उशीर केला नाही.

त्याच कुटुंबाने स्वयंपाकघराचा ओटा दुसऱ्या भिंतीला मागितला तेव्हा मी हो म्हटलं. ड्रेनेज आधीच टाकून झालेलं होतं. फरशी फोडली, नळी फिरवली, उतार पुन्हा जुळवला. ते बघून दुसऱ्या कुटुंबाने जिन्याखाली संडास मागितला. असे बदल आणि इतर किरकोळ गोष्टी मिळून आणखी ३ गेले. म्हणजे अडीअडचणीचे ५ संपून वर १. बदल करून द्यायला माझी ना नाही, माणूस आयुष्याची कमाई घालतो, त्याला ओटा हवा तिथे मिळावा. पण कुठला बदल कुठल्या तारखेपर्यंत, हे करारात लिहून द्यायला हवं होतं.

आता शेवटचे चार महिने. याबद्दल लिहिताना आजही घशाशी येतं.

अठराव्या महिन्यात संपायचं काम, आधीच्या दोन उशिरांमुळे विसावा महिना उजाडला तेव्हा रंगापर्यंत आलं होतं. घरं बाहेरून झालेली दिसत होती. लोक विचारायचे, ताबा कधी? आणि पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या जोडणीचा अर्ज मी प्लास्टरच्या वेळी केला होता, जो पायाच्या वेळी करायला हवा होता. जोडणीसाठी रस्ता खोदायचा, रस्ता खोदायची परवानगी दुसऱ्या कार्यालयाची, त्यासाठी अनामत, मग पाहणी, मग नकाशात एका नळीचा व्यास बदलायला सांगितलं, पुन्हा सही. जोडणीशिवाय भोगवटा प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्राशिवाय ताबा नाही, खरेदीखत नाही, गिऱ्हाइकाच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता नाही. सहा घरं रंग देऊन, कुलूप लावून उभी, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ०.६५. व्याजासाठी बँकेने राखलेली रक्कम संपली होती, आता ते खिशातून भरायचं होतं. चार महिने, २.६. आधीच्या उशिरांचं थोडं व्याज आणि तो वरचा १ मिळून जवळजवळ ४.

बाजूला ठेवलेले चार असे गेले. शेवटचं व्याज भरलं त्या रात्री नवऱ्याने त्या खात्याचं पुस्तक उघडून पाहिलं, शिल्लक पाहिली आणि काही न बोलता मिटून ठेवलं. त्याच आठवड्यात प्रमाणपत्र आलं.

विक्रीचा पैसा कसा वाटला जातो, हेही सांगायला हवं. सगळी जमीन आणि घरं बँकेकडे तारण असतात, त्यामुळे प्रत्येक घर विकताना बँकेचं ना हरकत पत्र लागतं, आणि ते देताना बँक येणारा पैसा आधी कर्जात वळवते. आमच्या सहा घरांपैकी पहिली तीन आणि चौथ्याचा तिसरा हिस्सा बँकेचा झाला. त्यानंतरची जवळजवळ दोन घरं म्हणजे आमचं घातलेलं भांडवल. शेवटचं घर विकलं गेलं तेव्हा त्यातल्या सत्तर टक्क्यांइतकी रक्कम दोन वर्षांचा नफा म्हणून उरली. ठरवलं होतं त्याप्रमाणे जवळजवळ अख्खं घर उरायला हवं होतं. सगळा नफा शेवटच्या घरात असतो हे आधी माहीत असतं तर पाचवं घर थोडं कमी भावात मागणाऱ्या माणसाशी मी एवढी घासाघीस केली नसती. ते तीन आठवडे लवकर गेलं असतं.

ठेकेदाराच्या बिलातून आम्ही ५ टक्के राखून ठेवले होते. निम्मे काम पूर्ण झाल्यावर दिले, निम्मे एक वर्षाने द्यायचे ठरले होते. वर्ष झालं तेव्हा मी, ठेकेदार आणि मुकादम काका सहाही घरांत फिरलो. काका फरशीवर छोटी हातोडी वाजवत चालले होते, जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण. नऊ फरश्या निघाल्या, एका न्हाणीघरात ओल, दोन दारं फुगलेली. त्यांनी आठवड्यात सगळं करून दिलं आणि मी उरलेला चेक दिला.

चौथ्या आणि पाचव्या घराच्या जोत्यावर मी ताबा देताना पितळी खुणा बसवून घेतल्या होत्या, लेव्हल तपासायला. त्याही त्या दिवशी वाचल्या. चौथं घर वर्षभरात दोन मिलिमीटर खाली गेलं होतं, पाचवंही दोन. दोन्ही सारखीच. आजी त्यांच्या खिडकीत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय मोजतेस गं?" मी सांगितलं, घर सरळ आहे का ते बघते. त्या म्हणाल्या, "मग? आहे ना?" मी वहीत आकडे लिहिले आणि त्यांना दाखवले.